कमरेचा पट्टा : वडिलांनी हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत वापरल्यानंतरचा अनुभव

पट्ट्याची बनावट उत्तम आहे. माझ्या 76 वर्षांच्या वडिलांनी तो महिनोन्महिने बांधला, तरी वेल्क्रो अजून घट्ट बसतो आणि पाठीमागच्या धातूच्या पट्ट्या वाकलेल्या नाहीत. मात्र ज्या दुखण्यासाठी तो घेतला, ते दुखणे त्याने कमी झाले नाही, आणि याचा दोष पट्ट्यापेक्षा तो ज्या रीतीने लिहून दिला गेला तिच्याकडे अधिक जातो.

नागपुरात धंतोलीतील एका रुग्णालयात वडील आपला त्रास कागदावर लिहून घेऊन गेले होते. तो कागद खिशातून काढून चष्मा लावेपर्यंत डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म पाहून ‘वयामुळे गॅप कमी झाला आहे’, म्हणजे मणक्यांमधल्या चकत्या झिजल्या आहेत, असे सांगितले आणि पट्टा, ट्रॅक्शन (कमरेला वजनाने ताण देण्याचा उपचार) व वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. त्यांना चालवून पाहिले नाही, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का हेही विचारले नाही. वास्तविक अशा वेदनाशामकांनी वृद्धांचा रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. शिवाय झीज दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले असे होत नाही, कारण 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार पाठदुखी नसलेल्या ऐंशीच्या वयाच्या लोकांपैकीही सुमारे 96 टक्क्यांच्या मणक्यांतील चकत्यांची झीज झालेली दिसते.

माप घेताना पँटचे माप न सांगता पोटाचा घेर टेपने मोजावा. पट्टा बनियनवर बांधावा. एवढी काळजी घेऊनही नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कूलरसमोर बसून वडिलांच्या कमरेवर घामोळ्या उठल्या, आणि वेल्क्रो ओढण्याइतका जोर बोटांत नसल्यामुळे दर वेळी कोणीतरी मदतीला लागे. ऑटोने जाताना मात्र धक्के कमी जाणवत, हे त्यांनी आवर्जून सांगितले.

रामदासपेठेतील फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘काकाजी, सायकल चालवताना पाय दुखतात का?’ वडिलांचे उत्तर होते, अजिबात नाही. चालताना मात्र थोड्याच अंतरावर पोटऱ्या भरून येतात आणि वाकून उभे राहिले की बरे वाटते. हेच त्यांच्या कागदावर लिहिलेले होते. लंबर कॅनॉल स्टेनोसिसची, म्हणजे चेतातंतूंची नळी अरुंद झाल्याची, ही ठळक खूण आहे. पुढे झुकल्यावर नळीत थोडी जागा होते. एमआरआयच्या अहवालातही तसे नमूद होते, आणि पुढे मणक्याच्या तज्ज्ञांनी तपासून त्याला दुजोरा दिला. ताठ धरणाऱ्या पट्ट्यात वडिलांचे पाय उलट लवकर का भरून येत, हे तेव्हा आम्हाला उमगले.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. विशिष्ट कारण न सापडणाऱ्या कंबरदुखीसाठीच ती आहे, पण तिथेही पट्टे आणि ट्रॅक्शन सरसकट देऊ नयेत, असेच सांगितले आहे. मग नेमके कारण समोर असलेल्या माणसाला न तपासता तेच का दिले जावे, याचा मला आजही संताप येतो.

वडील आता गुडघे छातीशी घेण्याचे व्यायाम करतात आणि सकाळी सायकल चालवतात. दुखणे पूर्ण गेलेले नाही, परंतु मध्ये एकदा बसून घेतले की भाजी आणण्याइतके चालणे होते. पट्टा आम्ही केवळ लांबच्या प्रवासापुरता ठेवला आहे. ज्यांना चालताना पोटऱ्या भरून येतात, त्यांनी तो विकत घेण्यापूर्वी चालून दाखवून तपासणी करून घ्यावी. पायांतील ताकद कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.