दोन दिवसांत गुडघा मोकळा करणारं चूर्ण

नाशिकच्या गंगापूर रोडला पहाटे पळणाऱ्यांत आणि त्र्यंबक रोडला सायकल मारणाऱ्यांत एक चूर्ण हातोहात फिरतंय. झिपचा पाऊच, वर हळद आणि शल्लकीची चित्रं, 'सूज व स्नायूदुखीवर शंभर टक्के नैसर्गिक'. महिन्याचे दोन-अडीच हजार, पैसे यूपीआयवर. बिल मागितलं की उत्तर ठरलेलं: 'आपल्याच माणसांना कसलं बिल!'

लोक फसतात ते चूर्ण लागू पडत नाही म्हणून नव्हे, लागू पडतं म्हणून. रविवारच्या लाँग रनला सुजलेला गुडघा मंगळवारी मोकळा, शिवाय भूक वाढलेली, अंगात तरतरी. मग तोच माणूस ग्रुपवर चार जणांना सुचवतो आणि विकणाऱ्याची फुकट जाहिरात होते.

आता पाऊचवरचाच हिशोब करा. एका मात्रेत 5 ग्रॅम हळद. हळदीत कर्क्युमिन (तिचा गुणकारी घटक) साधारण 3 टक्के, म्हणजे जेमतेम 150 मिलिग्रॅम, आणि त्यातलंही फार थोडं रक्तात पोचतं. 95 टक्के अर्काच्या चांगल्या कॅप्सूलनेसुद्धा व्यायामानंतरचं दुखणं थोडंफार कमी होतं, तेही काही दिवस सलग घेतल्यावर. एका रात्रीत सूज उतरवणं हे हळदीचं काम नाही. ते डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकाचं किंवा डेक्सामेथासोनसारख्या स्टिरॉइडचं काम. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2022 मध्ये सांधेदुखीच्या 'नैसर्गिक' गोळ्यांत नेमकी हीच जोडी सापडल्याचं जाहीर केलं होतं.

चूर्णात असं काही मिसळलेलं असेल तर पळणाऱ्याला त्याचा धोका घरात बसणाऱ्यापेक्षा जास्त. उन्हात 25-30 किलोमीटर पळताना पाणी कमी पडतं आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रसायनाच्या जोरावर टिकून असतो. वेदनाशामक तेच बंद पाडतं. लघवी कमी आणि गडद झाली तर 'पाणी कमी प्यायलो' म्हणून सोडून देऊ नका. स्टिरॉइडने चेहरा सुजतो, साखर आणि रक्तदाब चढतो. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं: स्पर्धेच्या काळात तोंडावाटे घेतलेलं स्टिरॉइड प्रतिबंधित आहे, आणि 'मला माहीत नव्हतं' म्हणून डोपिंग चाचणीच्या नमुन्यातलं काही पुसलं जात नाही.

पाऊच हातात आला की आधी एफएसएसएआयचा (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) 14 अंकी क्रमांक त्यांच्याच फॉसकॉस या परवाना पोर्टलवर टाका. नुसता क्रमांक खरा निघून भागत नाही, नाव, पत्ता आणि कशाचा परवाना आहे तेही जुळायला हवं. अशा क्रमांकामागून कधी फरसाणवाला निघतो! क्रमांक 2 ने सुरू होत असेल तर ती छोट्या व्यावसायिकाची नोंदणी, तिच्यावर सप्लिमेंट बनवता येत नाही. आयुर्वेदिक औषध म्हणून विकत असतील तर औषध निर्मितीचा परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक छापलेला हवा. 'आयुर्वेदिक आहे, त्याला परवाना लागत नाही' ही शुद्ध थाप. घटकांपुढे मिलिग्रॅम नसतील, नुसतं 'खास मिश्रण' असेल, तर पाऊच तिथेच परत करा.

कुणी हे चूर्ण दोन-चार आठवडे घेतलं असेल तर एकदम बंद करू नये. स्टिरॉइड असेल तर शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, मंदावलेलं असू शकतं. अचानक थांबवलं की चक्कर, उलट्या, रक्तदाब घसरणं असे प्रकार होऊ शकतात. पाऊच घेऊन फिजिशियनकडे जा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), साखर आणि गरज वाटली तर सकाळचं कॉर्टिसॉल तपासायचं ते ठरवतील. तोवर आणखी कुठलीही वेदनाशामक गोळी नको.

उरलेलं चूर्ण डब्यात ओतू नका. मूळ पाऊचमध्येच, बॅच क्रमांकासकट ठेवा. यूपीआयची पावती आणि विकणाऱ्याचे मेसेजही जपा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. अन्न सुरक्षा कायदा 2006 च्या कलम 40 प्रमाणे ग्राहकाला फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणीही करून घेता येते, पण तसा इरादा खरेदी करतानाच विक्रेत्याला सांगावा लागतो. नमुन्यात दोष निघाला तर फी परत मिळते.