ओ.एस. एफएस-४८ सरपास: जुनं फोर-स्ट्रोक ग्लो इंजिन सोलापुरात घेणाऱ्यांसाठी

ओ.एस. या जपानी मॉडेल-इंजिन कंपनीने १९७६ मध्ये एफएस-६० बाजारात आणलं आणि मॉडेल विमानांना फोर-स्ट्रोकचा खर्जातला आवाज मिळाला. एफएस-४८ सरपास त्याच घराण्यातलं, ०.४८ घनइंचाचं, म्हणजे सुमारे ७.९ सीसीचं. इंजिन म्हणून ५ पैकी साडेचार. जुनं घेताना मात्र पिस्टनच्या आधी बेअरिंग तपासा.

टू-स्ट्रोकमध्ये ताजं इंधन क्रँककेसमधूनच वर जातं, त्यामुळे बेअरिंग सतत धुतली जातात. फोर-स्ट्रोकमध्ये ती सोय नाही. रिंगजवळून जे थोडं तेल आणि जळालेला वायू खाली झिरपतो, त्यावरच बेअरिंग आणि कॅमचं वंगण चालतं. त्या वायूबरोबर पाणी येतं, इंधनात नायट्रोमेथेन असेल तर आम्लही. म्हणून ही इंजिनं झिजण्याआधी गंजतात.

ग्लो प्लग (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग) काढून प्रोपेलर हाताने फिरवा. खरखर जाणवली तर बेअरिंग गेली समजा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. मग प्लग लावून दाब तपासा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय, कार्बुरेटरमधून आली तर इनटेक, ब्रीदरमधून, म्हणजे क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या तोटीतून, आली तर रिंग. व्हॉल्व्हची गळती बऱ्याचदा नुसत्या साचलेल्या थरामुळे असते, तिला घाबरू नये.

इंजिन पूर्ण जाम असेल तर तो बहुधा एरंडेलाचा वाळलेला डिंक असतो. जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकते. हेअर ड्रायरने गरम करून प्लगच्या भोकातून आणि ब्रीदरमधून मेथॅनॉलचे थेंब सोडा, रात्रभर ठेवा. मेथॅनॉल सोडायच्या आधी ड्रायर बंद हवा, कारण मेथॅनॉलची ज्योत उजेडात दिसतसुद्धा नाही. बाहेरचा तपकिरी थर काढायला सुटे केलेले धातूचे भाग इथिलीन ग्लायकॉलच्या कूलंटमध्ये ८० ते ९० अंशांवर काही तास ठेवावेत. भांडं वेगळं, स्वयंपाकघरात परत न जाणारं, आणि काम उघड्यावर. कॉस्टिक सोडा किंवा नाली साफ करायची पावडर अजिबात नको. ॲल्युमिनियम खाऊन टाकते.

कॅम काढण्याआधी पिस्टन सर्वांत वर आणून गिअरच्या दातांवर खूण करा. एक दात चुकला तरी टायमिंग गेलं. सगळे रबरी भाग काढून केस ओव्हनमध्ये १२० ते १५० अंशांवर तापवली की मागचं बेअरिंग लाकडावर हलकं आपटताच सुटतं. ठोकून काढू नका, बेअरिंगची बैठक खराब होते. यंत्रमागांच्या या गावात बेअरिंगची दुकानं आहेत. जुन्यावरचा क्रमांक वाचा, तो पुसला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी व्हर्नियरने मोजून न्या. नवं बेअरिंग फ्रीझरमध्ये गार करून तापलेल्या केसमध्ये सोडलं की आपोआप बसतं. रिंग धड असेल तर पिस्टनवरून काढूच नका, ठिसूळ असते.

टॅपेट (व्हॉल्व्हजवळची फट) इंजिन थंड असताना, कॉम्प्रेशनच्या टोकाला लावायचे: ०.०४ मिमीचं फीलर गेजचं पान आत जावं, ०.१० चं जाऊ नये.

इंधनासाठी साधा हिशोब: १ लिटरला ८०० मिली मेथॅनॉल, २०० मिली तेल. नायट्रो नसतानाही इंजिन चालतं, फक्त आयडल, म्हणजे सर्वांत मंद चाल, थोडं वर ठेवावं लागतं आणि प्लग फोर-स्ट्रोकचाच, टाइप एफ, लागतो. ५० मिली नायट्रो मिळालं तर ७७० मिली मेथॅनॉल आणि १८० मिली तेल, त्यातलं ५० एरंडेल, बाकी मेथॅनॉलमध्ये विरघळणारं सिंथेटिक. सगळं एरंडेल घातलं की कालांतराने व्हॉल्व्ह चिकटतात. किराणातलं एरंडेल नको, डिंक काढलेलं शुद्ध हवं. स्कूटरचं टू-टी तेल मेथॅनॉलमध्ये मिसळतच नाही. मेथॅनॉल विषारी आहे, कातडीतूनही शरीरात जातं, डोळे जाऊ शकतात. हातमोजे घाला आणि परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या. डबा घट्ट बंद ठेवा. पावसाळ्यात ते हवेतलं पाणी ओढतं.

प्रोपेलर ११×६ किंवा १२×६. पूर्ण थ्रॉटलला नीडल (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) कमाल फेऱ्यांपर्यंत बंद करा, मग मिनिटाला २०० ते ३०० फेरे उतरेपर्यंत परत उघडा. सोलापूरच्या चाळिशीपलीकडच्या उन्हात आणखी किंचित समृद्ध, म्हणजे जास्त इंधनावर, चालवा. इंधन कमी पडलं की इंजिन ठोकतं, उलटी लाथ मारतं आणि प्रोपेलर भिरकावतं. म्हणून दुहेरी लॉकनट लावल्याशिवाय चालू करायचं नाही, आणि उभं राहायचं ते प्रोपेलरच्या मागे.

दिवस संपला की चालत्या इंजिनाची इंधनाची नळी काढून कार्बुरेटरमध्ये उरलेलं इंधन जळू द्या. मग ब्रीदरमधून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचे दहा-पंधरा थेंब, प्लगच्या भोकातून चार-पाच, आणि प्रोपेलर हाताने वीसेक वेळा फिरवा. विकणारा हे करत होता का, हा पहिला प्रश्न विचारा.