६५ चं कागदी की ७० चं प्लॅस्टिक? बारा बोरच्या काडतुसांचा वर्षभराचा अनुभव

मागितली होती ६५ मिलिमीटरची कागदी काडतुसं, पिशवीत निघाली ७० ची प्लॅस्टिकची. दुसऱ्या दिवशी परत घेऊन गेलो तर दुकानदार म्हणाला, "मालक, परवान्यावर नोंद चढली, आता माल परत होत नाही. आणि तुमच्या बंदुकीत बसतंय की! बसलं म्हणजे चालतं." मी पेटीवरचा आकडा दाखवला. त्याने तिकडे बघितलंसुद्धा नाही. आता सगळे हेच नेतात म्हणे, सुधारित माल आहे, कागदीचे दिवस गेले. पैसे जास्तीचे लावले होते ते वेगळंच.

"बसलं म्हणजे चालतं" हे वाक्य मराठवाड्यात किती दुकानांत ऐकायला मिळत असेल, देव जाणे. म्हणून आधी या पाच मिलिमीटरबद्दलच लिहितो. ज्यांना फक्त कुठलं घ्यावं एवढंच हवंय, त्यांनी खाली जावं.

माझ्या परवान्यावर दोन हत्यारं आहेत. एक वडिलांकडून आलेली बेल्जियमची दुनळी, दुसरी मी स्वतः घेतलेली देशी एकनळी. शेत हिंगोलीकडे, कयाधूच्या अंगाला. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा आणि थोडी ज्वारी. डुकरं आणि रोही दोन्हींचा ताप आहे. बंदूक आवाजापुरती. वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय डुकराला हात लावता येत नाही, आणि त्या कागदामागे फिरायला मला वेळ नाही. बार नाल्याच्या उंच मातीच्या काठात काढायचा, कळप पांगला की आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीवर, येऊन झोपायचं.

आता पाच मिलिमीटर. दुनळीची पुढची लाकडी मूठ काढून नळ्या उलट्या धरल्या की खालच्या सपाट बाजूला शिक्के दिसतात. माझ्या नळ्यांवर अंडाकृतीत मुकुट आणि ई-एल-जी ही अक्षरं आहेत, म्हणजे बेल्जियममधल्या लिएजच्या बंदूक-चाचणीगृहाचा शिक्का, आणि त्याच्या बाजूला १२-६५. काडतूस जिथे बसतं ते चेंबर ६५ मिलिमीटरचं, अडीच इंची. जुन्या इंग्रजी बंदुकाही बहुतेक याच मापाच्या. एकनळी मात्र ७० ची आहे, पावणेतीन इंची.

घोळ असा आहे की काडतुसाची लांबी मोजतात ती उडवल्यानंतरची, तोंड उघडलेल्या खोक्याची, म्हणजे रिकाम्या नळकांड्याची. न उडवलेलं ६५ चं कागदी, ज्याचं तोंड आत वळवलेलं असतं, आणि ७० चं प्लॅस्टिक, ज्याच्या तोंडाला चांदणीसारख्या घड्या असतात, ही दोन्ही शेजारी उभी केली तर उंचीत जवळपास सारखीच. मी पोराची कंपासपेटीतली पट्टी लावून बघितलं, दोन्ही साठच्या आतच. म्हणून ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये गुपचूप बसतं आणि बंदूकही खट्‌ आवाज करून बंद होते. बार काढल्यावर घड्या उघडतात, आणि त्यांना उघडायला जागाच नसते. चेंबरच्या पुढे नळी जिथे निमुळती होत जाते तिथे ते तोंड जाऊन अडतं. छर्रे आणि वॅड (छर्‍यांच्या मागचा बोळा) त्या अरुंद झालेल्या जागेतून रेटले जातात, आणि आतला दाब वाढतो. पहिल्याच बाराला नळी फाटेल असं नाही. पण जुन्या बंदुकीचं कुलूप ढिलं होणं, नळ्यांचा सांधा हलणं, हे असंच सुरू होतं. उलटं केलं तर चालतं: ६५ चं काडतूस ७० च्या चेंबरमध्ये बिनधास्त टाका.

हे दुकानदाराला ठाऊक नसेल तर त्याने काडतुसं विकू नयेत, आणि ठाऊक असून बोलला असेल तर काय म्हणावं? त्या दोन पेट्या एकनळीच्या नावाने ठेवल्या. दुनळीसाठी दुसरीकडून कागदी आणली.

जून २०२४ ची ही गोष्ट. लोकसभेला ठाण्यात जमा केलेल्या बंदुका नुकत्या परत मिळाल्या होत्या. तेव्हा माझं मत पक्कं होतं: सुधारित म्हणजे महाग, बाकी काही नाही.

पावसाळ्याने ते मत हलवलं. कागदी काडतुसाला मेण लावलेलं असलं तरी भादव्यातली दमट हवा त्याला मानवत नाही. कागद किंचित फुगतो. डोळ्याला कळत नाही, चेंबरला कळतं. सोयाबीन शेंगेत होतं, रात्री डुकरं खालच्या तुकड्यात शिरली, उजव्या नळीत काडतूस अर्धं जाऊन बसलं. पुढे जाईना, मागे येईना. डाव्या नळीतलं उडालं, पण त्याचं रिकामं खोकं आत चिकटलं. खोकं मागे ओढणारा एक्स्ट्रॅक्टर कडेवरून सुटला. बॅटरी तोंडात धरून, चाकूचं टोक पितळी कडेखाली घालून ते उपसत बसलो. तोवर डुकरांनी निवांत जेवण उरकलं.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली, कागदीवाल्यांनी जरूर लावा. दिवसा, घरी, नळ्या बंदुकीपासून वेगळ्या काढायच्या, उभ्या धरायच्या आणि एकेक काडतूस चेंबरमध्ये सोडायचं. आपल्या वजनाने पितळेच्या कडेपर्यंत गेलं तर ठीक, अंगठ्याने दाबावं लागलं तर बाजूला. बाजूला काढलेली उन्हाळ्यात पुन्हा तपासायची, त्यातली काही परत कामाला येतात. साठवायला घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा हवा. आमच्याकडे आधी ती धान्याच्या कोठीजवळ होती, ती जागा सगळ्यात वाईट.

त्याच पावसाळ्यात प्लॅस्टिकवाली पेटी आखाड्यावर उघडीच पडलेली होती. एकही अडकलं नाही, एकही फुसकं निघालं नाही. मुकाट्याने मान्य करावं लागलं.

मग खरी तुलना केली. दोन्ही काडतुसं एकाच एकनळीतून, चाळीस पावलांवर, नाल्याच्या काठाला जुनी वर्तमानपत्रं चिकटवून, दोन्हींत एकाच नंबरचे छर्रे. कागदीच्या ठशात मध्येच मोकळी जागा राहायची, एखादं ताट आरामात मावेल एवढी, आणि कडेला छर्रे कुठल्या कुठे. प्लॅस्टिकचा ठसा भरगच्च आणि सारखा. कारण सरळ आहे. कागदीत छर्रे नळीच्या पोलादाला घासत जातात, मऊ शिसं चपटं होतं, चपटा छर्रा वाकडा उडतो. शिवाय तोंडावर जी पुठ्ठ्याची चकती असते ती पुढे छर्‍यांच्या वाटेत येते. प्लॅस्टिकमध्ये छर्रे एका पाकळ्यांच्या वाटीत बसलेले असतात, नळीला लागत नाहीत, आणि तोंडाला चकतीच नाही, नुसत्या घड्या. माल म्हणून विचाराल तर सुधारणा खरी आहे. दुकानदाराचं तेवढं बरोबर होतं. (पाच मिलिमीटरचं नाही.)

इथे पुनरावलोकनात खंड. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि बंदुका पुन्हा ठाण्यात. मतदान २० नोव्हेंबरला. म्हणजे हरभरा पेरायचा, उगवायचा, कोवळा असायचा, तो सगळा काळ शेतकरी रिकाम्या हाताने. डुकरांना आचारसंहिता नाही. त्या दिवसांत कुंपणाच्या तारेला जोडलेल्या झटका मशीननेच शेत राखलं. बंदूक परत मिळाली तेव्हा नळीवर बोटभर तांबेरा. पावतीवर मात्र "सुस्थितीत" लिहिलेलं.

रब्बीत पुन्हा प्लॅस्टिक वापरायला घेतलं आणि उत्साह थोडा ओसरला. एक तर धक्का. ७० च्या खोक्यात माल जास्त मावतो आणि भरणारेही जास्तच भरतात. दुनळी वजनदार आहे, ती असा धक्का सोसली असती, पण तिच्यात ७० चं घालायचंच नाही. एकनळी हलकी, आणि थंडीत पहाटे खांद्यावर नुसता सदरा असला की गालाच्या हाडापर्यंत जाणवतं. दुसरं म्हणजे ती वाटी. दर बाराला एक पांढरी प्लॅस्टिकची वाटी शेतात पडते. हरभरा काढताना बायांना सापडायला लागल्या. एकीने विचारलं, "दादा, हे काय खत टाकलंय नवीन?" हसलो, पण बैलांच्या वैरणीत ती जाऊ नये म्हणून मग बांधालगत वेचत फिरावं लागलं. कागदीतला लोकरीचा वॅड दोन पावसांत मातीला मिळतो, खोकंसुद्धा कुजतं. आणि कागदी उडवल्यावर जो वास येतो तो प्लॅस्टिकला नाही. पण वासाचे पैसे लावून हिशोब मांडता येत नाही.

हिशोब मांडायचाच तर हा: मला हवाय आवाज. आवाजात दोघांत फरक नाही. निदान आमच्या डुकरांना तरी पडला नाही, दोन्हींना सारखीच पळतात आणि सारखीच पहाटे परत येतात. मातीच्या काठात बार काढायचा असेल तर भरगच्च ठशाचे वरचे पैसे मी कशाला मोजू? मातीला काय, ठसा कसाही चालतो.

तरी फक्त कागदीच घ्या असं म्हणवत नाही, कारण ऐन पावसात अडकलेलं काडतूस फुकटच्या भावातही महाग. सध्या असं ठरवलंय: मृगापासून दसऱ्यापर्यंत एकनळी आणि प्लॅस्टिक, दसऱ्यानंतर दुनळी आणि कागदी. दोन्ही डबे वेगळ्या खोल्यांत, आणि ७० च्या डब्यावर लाल ऑइलपेंटने मोठ्ठा आकडा, म्हणजे रात्री घाईत पोराने उचलला तरी चुकायला नको. प्लॅस्टिकच्या खोक्यात ६५ चा मालही बनतो, तो मिळाला तर दुनळीचाही प्रश्न सुटेल. आमच्या भागातल्या दुकानांत विचारलं की उत्तर एकच येतं: ७० चं घ्या. परवान्यावर वर्षाची जेवढी काडतुसं ठरवून दिली आहेत त्यातली काही अजून शिल्लक आहेत. ती नोंद आता पेटीवरचा आकडा दुकानातच वाचल्याशिवाय चढू देणार नाही.