बागायती जमीन घेताय? विहीर कुणाच्या गटात आहे ते आधी पाहा

पुरंदर तालुक्यात दीड एकर जमीन घेताना आमची फसवणूक झाली. पुण्याहून तिकडे जमीन शोधायला जाणारे खूप आहेत, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

एजंटने आम्हाला रानाआधी विहीरच दाखवली. जुनी, दगडी बांधणीची विहीर, ऐन एप्रिलमध्ये दोन परस पाणी. मालकाने मोटर चालू केली आणि पाण्याची जाड धार हौदात पडू लागली. "यात आमचा चार आणे वाटा. दर चौथ्या दिवशी पाळी. खुशाल अंजीर लावा," तो म्हणाला. सातबाऱ्यावर पीक कांदा आणि जलसिंचनाचं साधन विहीर. भावही बागायतीचा, शेजारच्या जिरायत रानाच्या जवळजवळ दुप्पट.

खरेदीखतात नेहमीचं वाक्य होतं, "जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधीनिक्षेपासह". एजंटने त्यावर बोट ठेवलं, "हे बघा ताई, जल आलं." पण ते वाक्य विकलेल्या गटापुरतं असतं. विहीर होती शेजारच्या गटात, मालकाच्या चुलत्यांच्या नावावर. त्यातला वाटा मालकाने आमच्या व्यवहाराच्या आधीच नोंदणीकृत हक्कसोडपत्राने चुलत्यांना देऊन पैसेही घेतले होते. म्हणजे मोटर चालू करताना त्याला सगळं ठाऊक होतं.

रोपं लावून झाली आणि ठिबक जोडायला माणूस आला, तेव्हा चुलते बांधावर येऊन उभे राहिले. "पाळी कसली ताई? वाटा आम्ही पैसे मोजून घेतलाय." घरी जाऊन त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून हक्कसोडपत्र आणलं, फेरफाराचा उतारा आणला. आम्ही रान बघायला गेलो त्या दिवशी "पाहुणे आलेत, जरा मोटर लावू द्या" एवढंच पुतण्याने त्यांना सांगितलं होतं. त्यांच्यावर रागावण्यासारखं काहीच नव्हतं.

मग बोअर घेऊ म्हटलं. तर गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर आमच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही. हा नियम १९९३ च्या कायद्यापासून आहे, आणि तो योग्यच आहे. उन्हाळ्यात त्या एका विहिरीवर सगळं गाव पाणी भरतं. पण एजंटला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. "लागलं तर बोअर मारा" हे त्याचंच वाक्य.

कांद्याच्या नोंदीचाही उलगडा झाला. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाईलवरून पीक नोंदवतो. त्याआधीचे उतारे काढले तर दरवर्षी बाजरी, मटकी, नाहीतर पड. तेव्हा जुने सातबारे मागाच, किमान दहा वर्षांचे. नुसत्या ताज्या उताऱ्यावरून रान बागायत की जिरायत हे कळत नाही. "उपसा योजनेचं पाणी येतं" असं कुणी सांगितलं, तर गट लाभक्षेत्रात आहे का हे पाटबंधारे शाखेत विचारा आणि मालकाकडे पाणीपट्टीच्या पावत्या मागा. पावती नसेल तर ते पाणी भावात धरू नका.

विहीर सामायिक असेल तर वाटा किती, पाळी कोणत्या दिवशी, मोटर आणि वीजजोड कुणाच्या नावावर, पाइप कुणाच्या बांधातून जातो, हे सगळं खरेदीखतात विहिरीच्या गट नंबरासह स्वतंत्र लिहून घ्या. बाकीच्या हिस्सेदारांना समोरासमोर भेटा, तेही एजंटला सोबत न घेता. आम्हाला त्यांच्याकडे जाऊ न देण्यासाठी एजंट दरवेळी घाई करायचा, हे आता लक्षात येतं.

पोलीस ठाण्यात तक्रार दिली तर प्रकरण दिवाणी आहे असं सांगण्यात आलं. दिवाणी न्यायालयात दावा चालू आहे. अंजिराची रोपं टँकरच्या पाण्यावर एक उन्हाळा जगवली, पुढे ते परवडलं नाही. आता तिथे बाजरी आहे आणि कडेने सीताफळ. दाव्याच्या वेळी नवीन वकिलांनी पहिली गोष्ट विचारली, ती विहिरीच्या गटाच्या शोध अहवालाची, म्हणजे त्या गटाचे जुने नोंदणीकृत दस्त तपासून वकील देतो त्या अहवालाची. खरेदीच्या वेळी एजंटने सुचवलेल्या वकिलाने तो फक्त विकत घेतलेल्या गटाचा काढला होता. तुम्ही दोन्ही गटांचा काढून घ्या, आणि वकील स्वतः शोधा.