‘स्पीड स्कोअर’ दाखवून आमच्या शेतकरी कंपनीची झालेली फसवणूक

समुद्रपूर तालुक्यातील आमची शेतकरी उत्पादक कंपनी भौगोलिक मानांकन मिळालेली वायगाव हळद वेबसाइटवरून थेट ग्राहकांना विकते. त्या वेबसाइटचा वेग वाढवून देतो असे सांगून एका एजन्सीने आम्हाला ज्या रीतीने लुबाडले, ती रीत विदर्भातील इतर गटांना आधीच ठाऊक असावी, म्हणून हे लिहीत आहे.

पान उघडायला वेळ लागला की गिऱ्हाईक परत जाते आणि गुगलवरही आपण मागे पडतो, हे एजन्सीचे म्हणणे मुळात खरे होते. तीन सेकंदांहून अधिक वेळ लागला तर मोबाइलवरील ५३ टक्के भेटी अर्धवट सुटतात, असे गुगलनेच २०१६ मध्ये प्रसिद्ध केले होते, आणि जुलै २०१८ पासून मोबाइलवरील वेग हा शोधक्रमातील एक निकष आहे. मात्र तो अनेकांपैकी एक आहे. शोधणाऱ्याला हवी ती माहिती पानावर आहे की नाही, हे त्याहून महत्त्वाचे. त्यामुळे ‘स्कोअर (वेगाच्या चाचणीत शंभरपैकी मिळणारे गुण) नव्वदीपार गेला की पहिल्या पानावर नाव’ हे त्यांचे आश्वासन निखालस खोटे होते.

काम झाल्याचे सांगून त्यांनी संचालकांच्या बैठकीत लॅपटॉपवर पेजस्पीड इनसाइट्स ही गुगलची मोफत चाचणी चालवली, हिरव्या वर्तुळातला ९८ हा आकडा दाखवला आणि त्याच बैठकीत उरलेली रक्कम घेतली. त्यानंतर ऑर्डरी वाढण्याऐवजी घटल्या. हिंगणघाटच्या एका जुन्या ग्राहकाने फोन करून सांगितले, “भाऊ, तुमचं पान उघडतच नाही, नुसतं पांढरं दिसते.” शेतातून मोबाइल डेटावर पाहिले तेव्हा आधी कोरा पडदा, मग फिरणारे चक्र, बऱ्याच वेळाने मथळा आणि अर्धवट फोटो दिसला; ‘ऑर्डर करा’ या बटणावर बोट ठेवावे तोच वरून जाहिरातपट्टी उतरली आणि बटण खाली सरकले.

आमच्या एका सभासदाची मुलगी संगणक अभियांत्रिकी शिकते. तिने वेबसाइटचा कोड उघडला, तेव्हा सगळा डाव उघडा पडला. ही चाचणी ‘मोटो जी पॉवर’ या साध्या मोबाइलची बतावणी करून पान उघडते. एजन्सीने कोडमध्ये अट घातली होती की, पान उघडणाऱ्या यंत्राने पाठवलेल्या ओळखीत ‘मोटो जी पॉवर’ किंवा ‘लाइटहाऊस’ (ही चाचणी ज्या साधनावर चालते ते) ही नावे दिसली तर फोटो, चॅटची खिडकी आणि सर्व स्क्रिप्ट (पानावर चालणारे छोटे प्रोग्राम) वगळून केवळ सांगाडा दाखवावा. परीक्षकाला सांगाडा आणि खऱ्या माणसाला आधीचेच सगळे ओझे, अशी ती व्यवस्था होती. देवनागरी फॉन्टची जड फाइल उतरेपर्यंत मजकूर लपलेला राहत होता, त्यालाही त्यांनी हात लावला नव्हता. कष्टकऱ्यांच्या भागभांडवलातून पैसे घेऊन असे करणे ही उघड लबाडी आहे.

हा डाव ओळखता येतो. चाचणीच्या अहवालात पान उघडतानाची छोटी चित्रे असतात. त्यांत आपले फोटोच नसतील, तर शंका घ्यावी. त्याच अहवालात वरच्या भागात खऱ्या वापरकर्त्यांचा अनुभव येतो. तो मागील २८ दिवसांचा असल्याने काम झाले त्याच दिवशी तिथे सुधारणा दिसणे शक्य नसते. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसणे चांगले मानले जाते आणि चारपैकी तीन भेटींमध्ये तसे घडावे लागते. लहान वेबसाइटला भेटी कमी असल्याने हा भाग बहुधा रिकामाच राहतो, आणि अशा एजन्सींचे त्यामुळेच फावते. तेव्हा बैठकीतल्या वायफायवर विसंबू नये. एखाद्या सभासदाच्या जुन्या मोबाइलवर, गावातल्या नेटवर्कवर, खासगी खिडकीत पान उघडून पाहावे.

मुलीने ती अट काढताच स्कोअर कोसळला. मग तिने फोटो हलके केले, चॅटची खिडकी काढली आणि फॉन्ट येईपर्यंत मोबाइलमधल्या अक्षरांत मजकूर दिसेल अशी सोय केली. आता पान शेतातही उघडते. एजन्सी फोन उचलत नाही. डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि सर्च कन्सोलचे (गुगल शोधात वेबसाइट कशी दिसते ते दाखवणारी सेवा) खाते एजन्सीने स्वतःच्या नावावर घेतले होते, ते परत मिळवण्यासाठी लेखी नोटीस पाठवली आहे. नव्या करारात दोन्ही कंपनीच्या नावावर राहतील आणि शेवटचा हप्ता सभासदांच्या मोबाइलवर पान तपासल्यानंतरच दिला जाईल, असा ठराव संचालक मंडळाने केला आहे.