कॉमाच्या आधीचं तेवढं हवंय: फाइंड, स्प्लिट की पार्टिशन?

'कोथरूड, डहाणूकर कॉलनी, सर्कलजवळ' यातलं फक्त 'कोथरूड' हवंय. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एवढ्याशा कामाला तीन-चार रस्ते आहेत आणि सगळे बरोबर उत्तर देतात. म्हणजे, कॉमा असेल तोवर. कॉमा नसेल तेव्हा कोण कसं वागतं हे बघून निवड करावी, असं माझं मत आहे, आणि ते एका दिवाळीत बनलं.

ओळखीच्या एका काकूंचा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. त्यांच्यासाठी मी छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. ऑर्डरींची यादी वाचायची, पत्त्यातला पहिल्या कॉमाआधीचा भाग उचलायचा, त्यावरून भागवार गठ्ठे लावायचे आणि खोक्यांवरच्या चिठ्ठ्या छापायच्या. वापरलं होतं फाइंड. कॉमा कितव्या जागी आहे ते काढा, तिथपर्यंतची स्ट्रिंग (म्हणजे अक्षरांची ओळ) कापून घ्या. कॉलेजात सी शिकलेल्या माणसाला पहिलं हेच सुचतं. वीस-पंचवीस पत्त्यांवर तपासलं, झकास चाललं.

वसुबारसेला सकाळी डिलिव्हरीच्या पोराचा फोन. "दादा, हे वारज कुठं आलं?"

झालं होतं असं, की काही जणांनी पत्त्यात नुसतं 'वारजे' लिहून बाकीचं फोनवर सांगितलं होतं. कॉमाच नाही. कॉमा सापडला नाही की फाइंड उणे एक देतं, आणि पायथनच्या स्लाइसला (तुकडा कापायच्या सोयीला) उणे एक म्हणजे 'शेवटून पहिलं'. त्यामुळे शेवटचं अक्षर सोडून बाकी सगळं हाती येतं. एरर नाही, इशारा नाही. बाणेरचं 'बाणे', हडपसरचं 'हडपस', औंधचं 'औं'. देवनागरीत आणखी एक गंमत: युनिकोडमध्ये मात्रा आणि वेलांटी ही स्वतंत्र चिन्हं, म्हणून वारजेचा 'जे' शाबूत जात नाही, नुसती मात्रा जाते आणि 'वारज' उरतं. धनकवडीचं 'धनकवड'. 'हडपस' कुणाच्याही डोळ्यात खुपेल, पण 'धनकवड' यादीतून सहज निसटतं. वर 'वारजे' आणि 'वारज' असे दोन वेगळे गठ्ठे लागले. एक टेम्पोत चढला, दुसरा काकूंच्या ओट्यावर राहिला. काकू काही बोलल्या नाहीत, पण त्या वर्षी माझ्या डब्यात चकली नव्हती.

चूक माझीच, मान्य. उणे एक आलं का हे आधी तपासायला हवं होतं. पण दर वेळी आठवणीने तपासावं लागतं, आणि विसरलो तर कोणी हटकत नाही, अशा गोष्टीवर माझा आता भरवसा नाही. जावावाल्या मित्राला माझं दुखणं पटत नाही, कारण तिथे सबस्ट्रिंगला उणे एक दिलं तर सरळ एक्सेप्शन येतं, म्हणजे चूक दाखवून प्रोग्राम थांबतो. जावास्क्रिप्टमधलं स्लाइस मात्र पायथनसारखंच गुपचूप शेवटचं अक्षर खातं.

पायथनमध्ये आरडाओरडा हवा असेल तर फाइंडऐवजी इंडेक्स आहे. कॉमा नसला की व्हॅल्यूएरर नावाची चूक दाखवतो. प्रामाणिक आहे, पण रात्री अकराला चिठ्ठ्या छापताना चाळिसाव्या पत्त्यावर स्क्रिप्ट थांबते.

बहुतेकांचं लाडकं स्प्लिट. कॉमावर तोडा, शून्यावा तुकडा (मोजणी शून्यापासून, म्हणजे पहिला) घ्या. कॉमा नसेल तर अख्खी स्ट्रिंग शून्याव्या जागी मिळते, म्हणजे मला हवं तेच. फक्त 'एकदाच तोड' म्हणून मर्यादा एक द्यावी, नाहीतर पहिल्या तुकड्यासाठी सगळा पत्ता चिरला जातो. तुम्हाला पुढचा भाग कधीच लागणार नसेल तर स्प्लिट घ्या, माझी हरकत नाही. मला मात्र पुढचा पत्ताही चिठ्ठीवर खालच्या ओळीत छापायचा होता, आणि कॉमा नसताना दुसरा तुकडा मागितला की इंडेक्सएरर. मग आधी लांबी मोजा, इफ लिहा, एल्स लिहा. सवय जावाची असेल तर उलटं सांभाळा: तिथलं स्प्लिट रेगेक्स (मजकूर शोधायचा नमुना, ज्यात टिंब म्हणजे कोणतंही अक्षर) घेतं, म्हणून नुसत्या टिंबावर तोडायला गेलात तर हाती रिकामा ॲरे, म्हणजे रिकामी यादी.

शेवटी मी पार्टिशनवर आलो. २००६ सालच्या पायथन २.५ पासून ते आहे, तरी फारसं कुणी वापरताना दिसत नाही. ते नेहमी तीनच तुकडे देतं: आधीचं, खुद्द डिलिमिटर (तोडायचं चिन्ह, इथे कॉमा), नंतरचं. कॉमा नसेल तर सगळं पहिल्यात आणि उरलेले दोन रिकामे. तिन्हींना एकाच ओळीत नावं देता येतात, आणि मधला रिकामा असला की पत्ता अर्धवट आहे हे कळतं. मी आता अशा चिठ्ठ्यांवर 'फोन करा' छापतो. गो भाषेतही २०२२ मध्ये, १.१८ आवृत्तीत, कट नावाचं असंच काहीसं आलं: आधीचं, नंतरचं आणि सापडलं की नाही.

वेगाचं म्हणाल तर घड्याळ लावून मोजलेलं नाही. काकूंच्या यादीला कशानेही फरक पडला नाही.

पार्टिशनची अडचण एकच, ते एकच डिलिमिटर घेतं. कुणी कॉमा, कुणी डॅश, कुणी तिरकी रेघ वापरत असेल तर रेगेक्सला पर्याय नाही, तिथे मीही मुकाट्याने तेच लिहितो. आणि शेवटच्या टिंबाआधीचं हवं म्हणून आरपार्टिशन (शेवटून शोधणारं पार्टिशन) घेणार असाल तर जरा जपून: टिंब सापडलं नाही तर तिथे अख्खी स्ट्रिंग तिसऱ्या जागी जाते आणि पहिली जागा रिकामी राहते.