वरच्या टप्प्यासाठी कोणते इंजिन: पीएस-४, सीई-७.५ की सीई-२०?

प्रक्षेपकाच्या वरच्या टप्प्याचे इंजिन निवडताना नजर आधी विशिष्ट आवेगाच्या, म्हणजे इंजिन इंधनाचा किती कार्यक्षम वापर करते हे सेकंदांत सांगणाऱ्या आकड्यावर जाते. पण केवळ त्या आकड्यावर निर्णय घेऊ नये, असे इस्रोची ही तीन उदाहरणे पाहता मला ठामपणे वाटते.

पीएसएलव्हीच्या पीएस-४ या चौथ्या टप्प्यात दोन लहान इंजिने असतात. त्यांतील मोनोमिथाइल हायड्राझिन आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे मिश्रण एकमेकांना भिडताच पेटते, आणि दोन्ही द्रव हेलियमच्या दाबाने ढकलले जात असल्याने टर्बोपंपही (टर्बाइनवर चालणारा इंधनपंप) लागत नाही. इंजिन पुन्हा पेटवणे त्यामुळे सोपे होते; सप्टेंबर २०१६ मध्ये पीएसएलव्ही-सी३५ने एकाच उड्डाणात दोन निराळ्या कक्षांत उपग्रह सोडले, ते याच बळावर. मात्र ही रसायने अतिशय विषारी आहेत, विशिष्ट आवेग ३०८ सेकंदांच्या आसपासच आहे आणि टप्पा मोठा करू गेल्यास दाब सोसणाऱ्या टाक्यांचे वजन डोईजड होते.

जीएसएलव्ही या प्रक्षेपकातले, हायड्रोजनवर चालणारे सीई-७.५ विशिष्ट आवेग थेट ४५४ सेकंदांवर नेते. पण हायड्रोजन उणे २५३ अंशांवर उकळतो आणि घनमीटरला जेमतेम ७१ किलो भरतो, म्हणून टाकी मोठी आणि उष्णतारोधक आवरणाची लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये जीएसएलव्ही-एफ१०च्या हायड्रोजन टाकीची एक झडप गळत राहिली, टाकीतला दाब उतरला आणि इंजिन पेटलेच नाही. ही जोखीम हायड्रोजनच्या प्रत्येक टप्प्याला गृहीत धरावीच लागते.

सीई-२० हेही हायड्रोजनवरच चालते. पण सीई-७.५ मध्ये टर्बाइन फिरवून झालेला वायू मुख्य दहनकक्षात नेला जातो, तर सीई-२० मध्ये तो परत न नेता बाहेर सोडला जातो. त्यापायी सुमारे १२ सेकंदांचा विशिष्ट आवेग गमवावा लागतो. पण टर्बोपंप, वायुजनित्र (टर्बाइन फिरवणारा वायू तयार करणारा भाग) आणि दहनकक्ष यांची चाचणी स्वतंत्रपणे घेता येते, तर सीई-७.५ मध्ये हे भाग एकमेकांत फार गुंतलेले आहेत. नव्याने इंजिन घडवणाऱ्या चमूसाठी ही सोय त्या १२ सेकंदांपेक्षा मोलाची आहे. २०० किलोन्यूटनचा रेटा देणाऱ्या याच इंजिनाने २०२३ मध्ये चंद्रयान-३ला मार्गी लावले. मुंबईच्या गोदरेजचाही त्याच्या निर्मितीत वाटा आहे.

हलके उपग्रह अनेक कक्षांत सोडायचे असतील, तर पीएस-४चा मार्ग धरावा. जड उपग्रह भूस्थिर संक्रमण कक्षेत (भूस्थिर कक्षेकडे जाण्याच्या वाटेवरची लंबवर्तुळाकार कक्षा) न्यायचा असेल, तर सीई-२०ची रचना घ्यावी, आणि वायू दहनकक्षात परत नेणाऱ्या सीई-७.५च्या रचनेकडे संपूर्ण इंजिनाच्या वारंवार चाचण्यांची सोय हाताशी असेल तरच वळावे.